आईने बाबांचे नाव घेतले

आदरणीय सुभेदार साहेब,

सप्रेम नमस्कार.

विजय दिवसाला तीन आठवडे उलटून गेले, तरी त्या सकाळी घोरपडीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात तुम्ही माझ्या आईसाठी जे केलेत त्याची आठवण निघाली की आमच्या घरात अजून कोणालाच नीट बोलता येत नाही. तुम्ही नाव सांगितले नाहीत. मराठा लाईट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो, एवढेच म्हणालात. म्हणून हे पत्र असे उघडपणे लिहीत आहे.

माझे वडील तुमच्याच रेजिमेंटचे. डिसेंबर १९७१ मध्ये पूर्वेच्या आघाडीवर त्यांना वीरमरण आले आणि मरणोत्तर वीर चक्र जाहीर झाले, तेव्हा आई २२ वर्षांची होती आणि मी पाळण्यात होते. पुढे एका कार्यालयाने नोंदीतले आडनाव जुळत नाही म्हणून तिला दिवसदिवस बाकड्यावर बसवून ठेवले. एका समारंभात शाल-श्रीफळ देताना निवेदकाने वीर चक्राला खुशाल शौर्य चक्र म्हटले. शौर्य चक्रही थोरच आहे, पण ते शत्रूसमोरच्या लढाईखेरीज इतरत्र गाजवलेल्या पराक्रमासाठी देतात. वीर चक्र शत्रूला सामोरे जाऊन लढल्याबद्दल मिळते आणि युद्धकाळातल्या शौर्यपदकांत परमवीर चक्र व महावीर चक्र यांच्यानंतर त्याचाच मान आहे. आई घरी येऊन एवढेच म्हणाली, "ते कुठे लढले, हेही यांना ठाऊक नाही."

तुम्ही मात्र, आईने पदराआडून डबी काढताच, आधी टोपी सारखी केलीत, सलाम केलात आणि मगच पदक हातात घेतलेत. त्याची अर्धी गडद निळी, अर्धी केशरी फीत पार विटून गेली आहे. आईला ती दिसत नाही, काचबिंदूने तिची नजर गेली आहे. "वहिनी, जरा हात द्या," असे म्हणून तुम्ही तिचे बोट पदकाच्या कडेवर टेकवलेत आणि हळूहळू फिरवत सांगितलेत, "हा नंबर. हा हुद्दा. आणि इथून दादांचे नाव सुरू होते." त्या कडेवर नाव कोरलेले आहे, हे इतक्या वर्षांत आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आले नव्हते. मी शिकले-सवरलेली, पण मीही पदक पुसून पुन्हा डबीतच ठेवत आले.

आई जुन्या वळणाची आहे. ती बाबांचे नाव घेत नाही. अर्ज भरतानाही ते मलाच सांगावे लागे. त्या दिवशी तिचे बोट शेवटच्या अक्षरापाशी थांबले आणि तिने पहिल्या नावापासून आडनावापर्यंत ते स्पष्ट उच्चारले. मी तिच्या तोंडून ते जन्मात पहिल्यांदा ऐकले. तुम्ही मान खाली घालून उभे राहिलात, फोटो काढला नाहीत, की धीराचे चार शब्दही सुनावले नाहीत. कुठे गप्प राहावे हे ज्याला कळते, त्या माणसाचे ऋण कसे फेडावे, हे मला कळत नाही.

फीत बदलून घेऊ का, असे मी विचारले, तर आई नको म्हणाली. आता रोज दिवेलागणीला ती डबी मागून घेते आणि कडेवरून बोट फिरवत बसते. हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचले, तर एकदा घरी या. वहिनीने बोलावले आहे.

आपली कृतज्ञ,
एका जवानाची मुलगी, पुणे