बिल्टीची मागची बाजू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठवाड्यातल्या जुन्या ट्रान्सपोर्ट कंपन्यांवर पुरवण्यांतून अधूनमधून मजकूर येतो. गाडीसमोर उभ्या शेठजींचा काळा-पांढरा फोटो, एका गाडीच्या पन्नास गाड्या कशा झाल्या त्याची हकिकत आणि शेवटी, आता ते दिवस राहिले नाहीत. वाचायला बरे वाटते. पण मोंढ्यात (धान्यबाजारात) बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, फाडण्यात किंवा स्टेअरिंगवर ज्यांची हयात गेली त्यांना त्यात धंदा सापडत नाही, बरोबरची माणसे तर मुळीच नाहीत. हे लिहिणाऱ्यांनी आणि घरातल्या म्हाताऱ्या ड्रायव्हरकडून आठवणी उतरवून घेणाऱ्या नातवंडांनी काय विचारावे आणि काय तपासावे, एवढ्यासाठी हे पत्र.

मोठी गफलत होते ती मालकीची. गाडीच्या फाळक्यावर (मागच्या फळीवर) कंपनीचे नाव रंगवलेले असले म्हणजे गाडी कंपनीची, असे नव्हे. बहुतेक कंपन्यांचे भांडवल म्हणजे मोंढ्याच्या तोंडाशी एक गाळा, मागे गोदाम, एक टेलिफोन, बिल्टीबुके आणि व्यापाऱ्यांचा विश्वास. गाड्या एकेकट्या मालकांच्या, कित्येकदा ड्रायव्हरच मालक. कंपनी व्यापाऱ्याकडून क्विंटलवर भाडे घेई आणि गाडीवाल्याला अख्ख्या गाडीचे ठोक भाडे ठरवून देई. मधला फरक आणि कमिशन ही तिची कमाई. भाड्याचा मोठा हिस्सा माल भरताना ॲडव्हान्स, उरलेली बाकी सही-शिक्क्याची पोच परत आणून दिल्यावर. पोच हरवली की बाकी अडकली. म्हणून ‘आमच्या पन्नास गाड्या’ असे कुणी म्हणाले की आर.सी. बुकावर नाव कुणाचे, हे आधी विचारावे.

या कंपन्या इथे का फोफावल्या, याचे उत्तर रुळांत आहे. मनमाड ते सिकंदराबाद हा औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडचा मार्ग मीटरगेज. लातूरची बार्शी लाइट रेल्वे तर अडीच फुटी. मुंबईची लाइन मात्र रुंद, ब्रॉडगेज. म्हणून मुंबईकडे जाणारा माल एका बाजूला मनमाडला आणि दुसऱ्या बाजूला कुर्डुवाडीला एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावा लागे. त्यात हमाली दुप्पट, हुक लागून पोती फाटणार, डबा मिळेपर्यंत माल फलाटावर. मालमोटार मात्र लातूरच्या गंजात (बाजारपेठेत) भरली की थेट मशीद बंदरला मोकळी होई. मनमाडकडून ब्रॉडगेज १९९० च्या दशकात पुढे सरकली आणि लातूर-कुर्डुवाडीची तर २००८ मध्ये पुरी झाली. ‘रेल्वे आली म्हणून ट्रान्सपोर्ट बुडाले’ असे सरसकट लिहिणाऱ्यांनी ही साले कंपन्यांच्या बंद होण्याशी ताडून पाहावीत.

आता फोटो आणि कागद. घराघरांत फोटो आहेत, मागे साल लिहिलेले नाही आणि मग अंदाजाने ‘१९६० चा’ असे छापले जाते. नंबर प्लेट बघा. एमएच आणि पुढे आकडा ही पद्धत १९८९ नंतरची. २० औरंगाबाद, २१ जालना, २२ परभणी, २३ बीड, २४ लातूर, २५ उस्मानाबाद, २६ नांदेड. आणि हिंगोली जिल्हाच १ मे १९९९ चा, त्यामुळे एमएच ३८ ची गाडी त्याआधीच्या फोटोत असूच शकत नाही. जाळीवर मर्सिडीजचा तारा दिसला की लोक लगेच ‘साठीच्या आधीचा फोटो’ म्हणतात. टाटांचा मर्सिडीजशी करार १९५४ चा आणि तो १९६९ पर्यंत टिकला. पण गाडी वीस-वीस वर्षे चालायची आणि तारा कुणी खरवडून काढत नसे. म्हणजे ती खूण ‘१९५४ च्या आधीचा नाही’ एवढेच सांगते.

बिल्टीच्या माथ्याचेही तसेच. पत्त्यात पिन कोड असेल तर कागद १५ ऑगस्ट १९७२ नंतर छापलेला. ‘लातूर, जि. उस्मानाबाद’ असेल तर ऑगस्ट १९८२ पूर्वीची छपाई, ‘जालना, जि. औरंगाबाद’ असेल तर मे १९८१ पूर्वीची. टिन नंबर २००५ च्या व्हॅटनंतरचा, जीएसटी नंबर २०१७ चा. मात्र एक सावधगिरी हवी. काटकसरीचे शेठ जुनी बुके संपेपर्यंत वापरत, हवा तर रबरी शिक्का मारून. तेव्हा साल छापील मजकुरावरून नव्हे, हाताने लिहिलेल्या भागावरून ठरवा. भाडे आण्यांत मांडलेले असेल तर साधारण एप्रिल १९५७ च्या आधीचे, कारण तेव्हापासून नवे पैसे आले. वजन मणांत असेल तर मेट्रिक मापे रुळण्यापूर्वीचे. त्याहून जुन्या कागदांत रक्कम हाली (निजामाचे नाणे) की कलदार (इंग्रजी रुपया) ते पाहावे. सात हाली म्हणजे सहा कलदार, हे न धरता केलेला हिशोब चुकणारच. साल फसली, म्हणजे निजामी राजवटीतले महसुली साल, असेल तर इसवी सनासाठी त्यात ५९० मिळवायचे. त्या कागदांना उर्दू वाचणारा माणूस लागतो, वह्यांना कधी मोडी वाचणारा. शोधला तर आजही मिळतो.

माणसांचा प्रश्न याहून अवघड आहे. मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स ॲक्ट १९६१ चा. आठ तासांची ड्युटी, विश्रांती, हजेरी सगळे त्यात होते, पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या मालकाला लागू होता. एका गाडीचा मालक, एक ड्रायव्हर, एक किन्नर (म्हणजे क्लीनर, ड्रायव्हरचा मदतनीस), इथे तो पोचतच नव्हता. त्यामुळे हजेरीबुक नाही, आणि म्हणून ही माणसे कुठल्याच रजिस्टरात नाहीत. गाडी सुटताना जे चलन बनायचे त्यावर गाडी नंबर, मालकाचे नाव, ड्रायव्हरचे नाव, लायसन नंबर, बिल्ट्यांची यादी, एकूण नग, वजन, ॲडव्हान्स, बाकी असे रकाने असत. किन्नराला रकाना नव्हता.

आणि गाडी चालायची ती किन्नरावर. डिझेल संपून पाइपात हवा धरली की फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हँडपंप मारत राहायचे. बुडबुडे थांबून सलग धार आली की पंप चालू ठेवूनच स्क्रू आवळायचा, नाहीतर पुन्हा हवा शिरते. हे काम त्याचे. कमानपाट्याचे पान मोडले तर ते लाकडाचा तुकडा घालून दोराने जखडून फाट्यापर्यंत पोचवायचे. टायर चिरला तर आतून गेटीस, म्हणजे जुन्या टायरचा तुकडा, टाकायचा. घाट चढताना गाडी थांबलीच तर लाकडी ठोकळा घेऊन उडी मारायची आणि तो मागच्या चाकाला लावायचा. कन्नडचा औट्रम घाट, मांजरसुंब्याचा घाट इथे या ठोकळ्याने किती गाड्या वाचवल्या त्याची नोंद कुठे असणार? उतारावर उस्ताद लोकांचा नियम एकच होता. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला कुणी न्यूट्रल करी, कुणी इंजिनच बंद करी. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद. टाकीतली हवा दोन-चार दाबांत संपते, ड्रम आधीच तापून लायनर पकड सोडतात, आणि मग गाडी कुणाचीच राहत नाही.

म्हणून जुन्या ड्रायव्हरला ‘तुमच्या कंपनीत कोण कोण होते’ असे विचारून फारसे हाती लागत नाही. ‘तुमचे उस्ताद कोण आणि तुमच्या हाताखाली किन्नर कोण कोण होते’ असे विचारा. प्रत्येक ड्रायव्हर आधी कुणाचा तरी किन्नर होता, त्यामुळे साखळी आपोआप जुळत जाते. आडनाव बहुधा मिळणार नाही. गाव, गाडी किंवा एखादी खोड यावरून हाक मारायची रीत, तेव्हा तेच लिहून घ्या आणि आडनाव मागाहून शोधा. साल आठवत नसेल तर दडपण आणू नका. बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर, जानेवारी १९८२ च्या गिरणी संपाआधी की नंतर, किल्लारीच्या भूकंपाआधी की नंतर, असे विचारले की उत्तर झटकन येते. कापसाच्या गाठी मुंबईच्या गिरण्यांना पोचवणाऱ्यांना तर संप हमखास आठवतो.

रस्त्यांचे आकडेही पुढे करू नका. जुना २११ आता ५२ झाला, २२२ चा ६१ आणि ९ चा ६५. ड्रायव्हरला फाटे आणि पूल आठवतात. परभणीहून मुंबई विचारली तर तो पाथरी, ढालेगावचा पूल, माजलगाव, गेवराई, पाथर्डी, नगर, माळशेज असेच सांगेल, आणि नेमके तेच उपयोगाचे. गावांच्या नावांत मात्र खोलात जा. वाशी म्हणजे भूमशेजारची की नवी मुंबईची? कळंब उस्मानाबादेतले की यवतमाळचे? अंबड जालन्याचे की नाशिकच्या एमआयडीसीतले? बिल्टीवर जिल्हा न लिहिल्यामुळे माल भलत्याच गावी जाऊन पडायचा, तसा आता आठवणींचा होतो.

सांगणारा खरोखर गाडीवर होता की ऐकीव सांगतो, हे भरणीच्या प्रश्नांवरून कळते. दोन ताडपत्र्या असतील तर आधी कोणती टाकायची? मागची आधी, पुढची नंतर, म्हणजे पुढचीची कड मागचीवर हातभर चढते. उलटे केले तर धावत्या गाडीचा वारा सांध्यात शिरतो, ताडपत्री फुगते आणि दोराखाली फाटते. पाऊस असला तर पाणी थेट थप्पीत. अंबाडीचा दोर भिजला की आखडतो आणि वाळला की ढिला पडतो. म्हणून पाऊस थांबून ऊन पडले की गाडी बाजूला घेऊन दोर पुन्हा आवळायचा, हे त्याला विचारण्याआधीच सांगता यायला हवे. नायलॉनचा दोर आला तेव्हा ही कटकट मिटली, पण त्याची गाठ सरकते. पोत्यांची शिवण थप्पीत आतल्या बाजूला ठेवायची, कारण बाहेर असली आणि टाका सुटला की रस्ताभर ज्वारी. मागे जास्त वजन लादले की पुढची चाके हलकी होतात आणि स्टेअरिंग तरंगते. कापसाची गाठ १७० किलोची, म्हणजे नऊ टनांच्या गाडीत ५२-५३ गाठी. कुणी शंभर सांगितल्या तर एकतर गाडी वेगळी किंवा गोष्ट. आणि गाठीला ठिणगी लागल्याचा नुसता संशय आला तरी ती गाठ उतरवून दूर ठेवायची. वरून पाणी मारले की विझल्यासारखी दिसते, आत धुमसत राहते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटते.

फुटकळ मालाच्या नगांवर काळ्या शाईने ४१२/८ असे आकडे टाकलेले जुन्या फोटोत दिसतात. त्याला कुणी तारीख समजते, कुणी गोदामाचा नंबर. ४१२ हा बिल्टीचा नंबर आणि ८ हे त्या बिल्टीतले एकूण नग. उतरवताना सात भरले तर आठवा कुठे गेला याची विचारणा तिथेच सुरू होई.

आता विनंती. जुन्या गाळ्यांचे बांधकाम नव्याने होते आहे आणि बिल्टीबुके किलोवर रद्दीत जात आहेत. ज्यांच्या घरी किंवा माळ्यावर अशी बुके, चलने, भत्त्याच्या वह्या असतील त्यांनी त्या विकण्याआधी फोटो काढावेत. कार्बनची प्रत पुसट असते, तेव्हा फ्लॅश न मारता खिडकीच्या तिरप्या उजेडात काढावेत. लॅमिनेशन करू नये. उष्णतेने शाई पसरते आणि कागद पुन्हा मोकळा होत नाही. टाचण्या गंजून कागद खातात, त्या काढून टाकाव्यात, पण बिल्टीला टाचलेली जकातीची पावती तिच्याबरोबरच ठेवावी. तीवर नाक्याचे नाव आणि तारीख असते, म्हणजे गाडी कोणत्या रस्त्याने गेली ते कळते. आणि फोटो दोन्ही बाजूंचे घ्यावेत. पुढे कंपनीचे नाव, नग आणि भाडे. मागे बारीक अक्षरांतल्या छापील अटींवरच, माल घेणाऱ्याची सही, ‘दोन पोती भिजलेली’ असा शेरा आणि कुठल्यातरी ढाब्यावर बसून पेन्सिलीने केलेला हिशोब असतो: डिझेल, पंक्चर, हमाली, जेवण २.

आपले,
जुन्या मोंढ्यातले काही निवृत्त बुकिंग कारकून व ड्रायव्हर, परभणी