बंकर तुडुंब भरलाय, वर पेनल्टी कशाला?

मा. संपादक, स.न.वि.वि.

गोल्फवर पत्र म्हटल्यावर काहीजण म्हणतील श्रीमंतांचे चोचले, म्हणू देत बापडे. खारघरला सिडकोनेच कोर्स केलाय, चेंबूरचा क्लब तर 1927 पासूनचा, आणि पाऊस सगळ्यांच्याच डोक्यावर पडतो.

मुद्दा बंकरचा, म्हणजे त्या वाळूच्या खड्ड्यांचा. तिथले नियम आधीच कडक, मारण्याआधी बॉलच्या मागच्या वाळूला क्लब (मारायची काठी) नुसता टेकवला तरी दोन शॉट्सची पेनल्टी, म्हणजे दोन फटके जास्तीचे मोजतात. 2010 च्या पीजीए चॅम्पियनशिप या मोठ्या स्पर्धेत अमेरिकन गोल्फर डस्टिन जॉन्सनला आपण बंकरमध्ये उभे आहोत हेच कळलं नाही, लोकांनी तुडवलेली जागा समजून त्याने क्लब टेकवला आणि हातातला प्लेऑफ (बरोबरी झालेल्यांमधला निर्णायक सामना) गेला. ठीक आहे, नियम तो नियम.

पण जुलैत मुंबईत काय होतं बघा. एक जोरदार सर आली की उतारावरची वाळू घसरून तळाला येते, वरची माती उघडी पडते, ती वाहून वाळूत मिसळते, खालचा पाइप चोक होतो आणि बंकरचं डबकं. माळी बिचारे सकाळी सकाळी पंप लावतात, फावड्याने वाळू परत वर चढवतात, तोवर दुसरी सर हजर!

आता बॉल त्या पाण्यात गेला तर फुकट ड्रॉप मिळतो, म्हणजे पेनल्टीशिवाय बॉल उचलून दुसरीकडे टाकता येतो, पण बंकरच्या आतच. आणि आत कोरडी जागाच नसेल तर? जिथे पाणी त्यातल्या त्यात कमी तिथे ड्रॉप करा आणि चिखल उडवत मारा, नाहीतर एक शॉट पेनल्टी घेऊन बाहेर या. यात खेळाडूची काय चूक?

यावर उपाय नियमातच आहे. असा भरलेला बंकर क्लबची कमिटी लोकल रूलने (त्या कोर्सपुरत्या नियमाने) दुरुस्तीखालची जागा म्हणून जाहीर करू शकते, मग बाहेर फुकट ड्रॉप. सरसकट सगळ्या बंकरना नाही हं, ठरावीक बंकर आणि तेही राउंड सुरू व्हायच्या आधी सांगून. मी खेळतो तिथे (नाव नको) हे सुचवलं तर उत्तर आलं, "पावसात खेळायचं तर एवढं चालायचंच." का चालायचं? माळ्यांना रोज सकाळी माहीत असतं कुठला बंकर भरलाय, त्यांना विचारून नंबर बोर्डावर खडूने लिहायला पाच मिनिटंही लागत नाहीत. निदान स्पर्धेच्या दिवशी तरी लिहा.

– एक वाचक, मुलुंड