शकुंतला : केवळ हळवी आठवण नव्हे

महोदय,
यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर या बंद पडलेल्या ‘शकुंतला’ रेल्वेविषयी हळवे लेखन पुष्कळ होते, परंतु हा मार्ग मुळात वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरच्या मुख्य मार्गावर आणून मुंबई बंदराकडे धाडण्यासाठी घातला गेला, हे त्यात बहुधा मागे पडते. अवघ्या ७६२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरून चालणाऱ्या या गाडीचा मार्ग किलिक निक्सन या व्यवस्थापन कंपनीच्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वेच्या मालकीचा होता आणि स्वातंत्र्यानंतर बहुतेक मार्ग सरकारी झाले तरी तो खासगीच राहिला. गाडी चालवायची सरकारी रेल्वेने, मार्ग मात्र कंपनीचा, अशा व्यवस्थेत रूळ-पुलांच्या दुरुस्तीकडे दुर्लक्ष झाले नसते तरच नवल. मूर्तिजापूर–यवतमाळ हे सुमारे ११३ किलोमीटरचे अंतर कापायला तिला कित्येक तास लागत; १९९४ पर्यंत तर ती वाफेच्या इंजिनावरच धावत होती. (त्या संथपणाची थट्टा करणारे आम्हीच, बसभाडे परवडेना तेव्हा तिच्यात बसत होतो.) रुंदीकरण होईल तेव्हा होवो, तोवर कारंजा, दारव्हा येथील जुन्या स्थानक-इमारतींची व उरलेल्या सामग्रीची रीतसर नोंद रेल्वेने करून घ्यावी, ही विनंती.
— एक वाचक, कारंजा (लाड)