विषय : नव्या लॅपटॉपच्या कीबोर्ड व ट्रॅकपॅडच्या मांडणीमुळे होणाऱ्या त्रासाबाबत

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

महोदय,

आपल्या कंपनीचा लॅपटॉप घेऊन मला सहा आठवडे झाले. या काळात सेवा केंद्राशी तीन वेळा संपर्क साधला आणि तिन्ही वेळा “वापरत राहा, सवय होईल” एवढेच उत्तर मिळाले. सवय व्हावी म्हणून जे जे करणे शक्य होते ते मी मनापासून केले आहे, आणि तरीही त्रास कमी झालेला नाही. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी भाषांतराचे काम करते आणि गेली अनेक वर्षे इनस्क्रिप्ट पद्धतीने (भारतीय भाषांसाठीची प्रमाण कीबोर्ड मांडणी), कीबोर्डकडे न पाहता मराठी टाइप करते. या पद्धतीत अ पासून औ पर्यंतचे दहाही सुटे स्वर डाव्या हाताच्या बटणांवर शिफ्टसह येतात, त्यामुळे शिफ्ट दाबण्याचे काम उजव्या करंगळीकडे असते. आपल्या लॅपटॉपवर मात्र उजवे शिफ्ट एका अक्षराच्या बटणाएवढेच ठेवले आहे आणि ते व ‘य’ चे बटण यांच्या मधोमध वर जाणाऱ्या बाणाचे बटण बसवले आहे. करंगळी सवयीने जिथे टेकते तिथे आता शिफ्ट नसून हा बाण आहे. परिणाम असा की ‘आ’ लिहायला जावे तर कर्सर वरच्या ओळीत उडी मारतो आणि शिफ्ट न लागल्याने त्याच बटणावरचा नुसता काना तिथल्या एखाद्या शब्दात जाऊन बसतो. मागच्याच आठवड्यात एका मजकुरातल्या ‘मन’ चे असे ‘मान’ झाले. दोन्ही शब्द शुद्ध असल्यामुळे खाली लाल रेष उमटली नाही, आणि ही चूक मजकूर पाठवल्यानंतर समोरच्यांनी दाखवून दिली. शब्द चुकीचा दिसला तर दुरुस्त करता येतो. पण बरोबर दिसणारा चुकीचा शब्द शोधायचा कसा, हे आपणच सांगावे.

कीबोर्डची उजवी कडही अशीच आवळलेली आहे. नेहमीच्या कीबोर्डवर एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत साधारण १९ मिलिमीटर अंतर असते. आकड्यांच्या वेगळ्या विभागाला जागा करून देण्यासाठी आपण उजवीकडच्या बटणांमधले हे अंतर कमी केले आहे; मी पट्टीने मोजले तेव्हा ते १५ मिलिमीटर भरले. तिथे फक्त विरामचिन्हे असतात, असे गृहीत धरून हा निर्णय घेतला गेला असावा. मराठीत याच बटणांवर च, ट आणि ड आहेत, आणि ‘च’ वाचून मराठीचे एक वाक्यही पुढे सरकत नाही.

ट्रॅकपॅडची अडचण याच आकड्यांच्या विभागातून आली आहे. त्या विभागामुळे अक्षरांची बटणे डावीकडे सरकली, पण ट्रॅकपॅड लॅपटॉपच्या मध्यभागीच राहिला. साहजिकच उजव्या हाताचा तळवा टाइप करताना त्याच्यावर टेकतो आणि कर्सर भलतीकडे जातो. सेटिंगमध्ये स्पर्शाची संवेदनशीलता सर्वांत कमी करून पाहिली. तळव्याचा त्रास थोडा घटला, मात्र मग बोटाने हलकेच टिचकी मारली तर तीही लागेना. दाबून क्लिक करावे तर ट्रॅकपॅड वरच्या कडेला अडकवलेला असल्याने त्याच्या वरच्या भागात फार जोर लावावा लागतो. तळवा टेकू नये म्हणून मी मनगट उचलून काम करू लागले आहे आणि संध्याकाळपर्यंत उजवा हात कोपरापर्यंत भरून येतो.

सेवा केंद्रातील तंत्रज्ञांनी माझ्यासमोर एका बोटाने एकेक बटण दाबून पाहिले, पडद्यावर प्रत्येक चौकोन हिरवा झाला आणि “दोष आढळला नाही” असा शेरा मिळाला. ते सौजन्याने वागले, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु एकेक बटण चालते की नाही हा माझा प्रश्नच नव्हता. याच लॅपटॉपला माझा जुना कीबोर्ड जोडला की त्याच मजकुरात या चुका होत नाहीत. एका प्रोग्रॅमच्या साहाय्याने वरच्या बाणाच्या बटणालाच शिफ्ट केले, तेव्हाही कर्सरची उडी त्या दिवसापासून थांबली. मात्र वरच्या ओळीत जाण्याचे बटण गेले. चूक हाताची असती तर ती प्रत्येक कीबोर्डवर झाली असती.

माझी विनंती आहे की हा लॅपटॉप परत घेऊन उजवे शिफ्ट पूर्ण रुंदीचे असलेले आणि आकड्यांचा वेगळा विभाग नसलेले मॉडेल मला बदलून द्यावे. किमतीत फरक पडल्यास तो भरण्याची माझी तयारी आहे. असे मॉडेल उपलब्ध नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी. तळव्याचा स्पर्श ओळखून टाळणारा सुधारित ड्रायव्हर (ट्रॅकपॅड चालवणारा प्रोग्रॅम) देणार असाल तर तो अवश्य द्यावा, पण त्याने शिफ्टचा प्रश्न सुटणार नाही.

आणखी एक. आपल्या संकेतस्थळावर या मॉडेलची सर्व छायाचित्रे तिरकस कोनातून घेतलेली आहेत आणि एकातही कीबोर्डचा उजवा कोपरा नीट दिसत नाही. सरळ वरून घेतलेले एक छायाचित्र तिथे असते तर मी हा लॅपटॉप घेतलाच नसता. ते कृपया लवकर टाकावे.

खरेदीची पावती, सेवा केंद्राचा शेरा आणि मोजमापाची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक ग्राहक