कुडाळच्या प्रिंटिंग प्रेसवाल्या काकांना

प्रिय काका,

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरा, बरा, ठेव आता" म्हणून विषयच संपवता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. तुमची सून वाचून दाखवेलच. ती वाचेस्तोवर उठून जाऊ नका.

मे महिन्यात घातलेलं कोकमाचं आगळ यंदा चतुर्थीतच संपलं. शिमग्यापर्यंत पुरवायचं म्हणून मागे ठेवलेले कॅनसुद्धा रिकामे झाले. गणपती पोचवून मुंबईला परतणारे चाकरमानी दारात उभे राहून "एखादी तरी बाटली बघा ना" म्हणत होते, आणि माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "त्या प्रेसवाल्याक सांगलंस काय?" तेच सांगतेय.

तुमच्याकडे यायच्या आधी मी कुठे कुठे जाऊन आले होते, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. आज सांगते. एका मार्केटिंग एजन्सीला दर महिन्याला पैसे मोजत होते. त्यांनी आमचं पेज काढलं, लोगो केला, सणासुदीला शुभेच्छांची चित्रं टाकली. आगळाच्या जाहिरातीत उंच काचेच्या ग्लासात लालभडक सरबत, वर पुदिन्याचं पान आणि खाली "निसर्गाचा खरा आनंद". लाइक भरपूर आले. ते कुणाचे म्हणून बघायला गेले, तर रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, झाडाला लागतो की वेलीला, हे ज्यांना माहीत असायचं कारण नाही अशा लोकांचे. विक्रीचं विचारलं की ठरलेलं उत्तर, "ताई, ब्रँड व्हायला वेळ लागतो." त्यांच्या लेबलवर सोनेरी वेलबुट्टी होती, पण निव्वळ वजन, किंमत आणि तारीख यांना जागा उरली नव्हती. आणि ते चित्र बघून ज्यांनी बाटली नेली, त्यांनी आगळात साखर-पाणी घालून सरबत केलं आणि मला फोन केला, "अहो, हे खारट लागतंय!" खारट लागणारच. रातांब्याच्या सालींना मीठ लावून सुटलेला रस तो. सरबताला अमृत कोकम वेगळं असतं. पण हे ठाण्यातल्या बाईला कुणी सांगायचं?

एका प्रशिक्षणालाही जाऊन बसले. प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन असे चार पी शिकवले. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आता परदेशाची बाजारपेठ खुली आहे, हेही रंगवून सांगितलं. मी बाटली सोबत नेली होती. चहा झाला, प्रमाणपत्र मिळालं, ग्रुप फोटो झाला. बाटलीचं बूच कुणी उघडलं नाही.

ते तुम्ही उघडलंत, काका. मी लेबलं छापायला आले होते, मजकूर तयार होता, तुम्हाला फक्त आकडा सांगायचा होता. लग्नसराईचे दिवस, मशीन धडधडत होतं, पत्रिकांचे गठ्ठे टेबलावर. तुम्ही बाटली हातात घेतलीत, वास घेतलात, बोटाला लावून चाखलंत. आणि म्हणालात, "ह्या मुंबयच्या माणसाक कसा कळतला, किती घालूचा ता? सांग माका." मी नेहमी बोलते तशी बोलत गेले. सोलकढी करताना एका नारळाच्या रसाला आधी दोन चमचे घाला, चव बघा, लागलं तर तिसरा. मीठ वेगळं घालू नका, आगळात आहे. लसूण-मिरची वाटून, वर कोथिंबीर. तुम्ही एका चुकलेल्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर ते सगळं पेन्सिलीने उतरवून घेतलंत. एक शब्द बदलला नाहीत. मग माझा तयार मजकूर बाजूला सारलात आणि पत्रिका पुढे केलीत, "ह्यो तुझो मजकूर."

माझं बोलणं छापण्यासारखं आहे असं मला तोवर कुणी म्हटलं नव्हतं. परतताना एसटीत मी ती पत्रिका पुन्हा पुन्हा काढून वाचत होते. अजून जपून ठेवलीय. कुणाच्या लग्नाची आहे ते सांगत नाही, मुहूर्ताची वेळ चुकीची छापली गेली होती!

आणि हजार लेबलांची ऑर्डर द्यायला आलेल्या बाईला तुम्ही दोनशेच लेबलं दिलीत. "आदी खपता काय बघ. मजकूर बदलूचो लागलो तर बाकीची रद्दी." स्वतःचं बिल स्वतःच्या हाताने कापणारा धंदेवाला मी दुसरा बघितला नाही. बघितला, म्हणजे आमचा शिंपी आहे तसा, "ह्या कापडाक अस्तर नको" म्हणणारा. अशी माणसं बाजारात असतात म्हणूनच आमच्यासारख्यांची दुकानं उभी राहतात. त्यांच्याकडे व्हिजिटिंग कार्ड नसतं, तुम्ही कार्डं छापता तरी तुमच्याकडे नाही.

फोन नंबर मोठ्या टाइपात घ्यायला लावलात, तेव्हा मी कुरकुरले होते. लेबल विद्रूप दिसतं म्हणून. तुमचं म्हणणं होतं की बाटली डोंबिवलीच्या ओट्यावर उभी राहते, शेजारीण ती बघते, तिला नंबर चष्म्याशिवाय दिसला पाहिजे. आता शेजारणींचेच फोन जास्त येतात. "आमची कढी गुलाबी झाली" हे सांगायलासुद्धा येतात, आणि बोलता बोलता दोन बाटल्या सांगतात. नव्या माणसाला एकदम लिटरभर घ्यायला जड जातं, म्हणून २०० मिलीची बाटली करायचं तुम्हीच सुचवलंत. यंदा सगळ्यात आधी तीच संपली.

पेज मी बंद केलेलं नाही. त्यावर आता सासूबाईंचे हात दिसतात, साली उन्हात पसरताना. पुदिना काढून टाकला.

पुढच्या हंगामाला अमृत कोकमही करायचं म्हणतेय. त्याचं लेबल तुमच्याचकडे. बाटली घेऊन येते, साखर किती, पाणी किती, सगळं बोलून दाखवते, तुम्ही लिहून घ्या. तुमच्या सुनेला पेन्सिल शोधून ठेवायला सांगा. आणि गेल्या खेपेसारखं लेबलं कापायचे पैसे बिलातून गाळू नका, मी मोजून बघणार आहे.

तुमची,
आगळवाली