रिक्षावाले काका आणि पंख्यावाल्या मावशी

आम्ही डहाणूकडचे. १ ऑगस्टला मासेमारी सुरू झाली की घरातले पुरुष बोटीवर. म्हणून पाच वर्षांच्या लेकाच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी आणि सासूबाईच नाशिकला आलो, जव्हार-मोखाडा-त्र्यंबक रस्त्याने, एसटीने.

भूल द्यायची, म्हणून त्याला उपाशी ठेवायचं होतं. पण आजीचं काळीज! पहाटे गुपचूप बिस्किटं भरवली आणि ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. चूक आमचीच. बाहेर रस्त्यावर मी रडत उभी होते, तेव्हा एका रिक्षावाल्या काकांनी पंचवटीतल्या धर्मशाळेत नेऊन खोली मिळवून दिली. भाडं ठरल्याप्रमाणे घेतलं, एक रुपया सोडला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, न सांगता, दारात रिक्षा उभी! सासूबाईंना म्हणाले, "आजी, आज बिस्किटं माझ्याकडे द्या."

ऑपरेशन नीट झालं. रात्री मात्र एका डोळ्यावर पट्टी, दुसरा भीतीने घट्ट मिटलेला, आणि एकच रड: "समुद्राचा आवाज का येत नाही?" घर किनाऱ्याला लागून, गाजेशिवाय त्याला झोप नाही. वॉर्डातल्या मावशींनी कुठूनसा जुना, घरघरणारा टेबलफॅन आणला, भिंतीकडे तोंड करून लावला. "ऐक, भरती आली." दहा मिनिटांत पोरगं झोपलं.

दोघांचीही नावं विचारायची राहिली. काका, मावशी, मनापासून आभार. पुढच्या तपासणीला सुके बोंबील आणते. वॉर्डात नाही उघडणार, घाबरू नका.