आई, लोहाच्या गोळ्या नकोत

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, तू फोनवर पुन्हा विचारलंस, "रक्त कमी आहे तर लोहाच्या गोळ्या का घेत नाहीस?" आणि फेरिटिनचा, म्हणजे शरीरात साठलेल्या लोहाचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासणीचा, आकडा वाचल्यापासून बाबांच्या डोळ्याला डोळा नाही. फोनवर हे नीट सांगून होत नाही, म्हणून लिहिते.

माझं हिमोग्लोबिन कमी आहे, पण ते लोहाअभावी नव्हे. निरोगी तांबडी पेशी 120 दिवस जगते, सिकलसेल या माझ्या रक्ताच्या आजारातली विळ्यासारखी वाकते आणि दहा-वीस दिवसांत फुटते. तिच्यातलं बरंचसं लोह शरीर पुन्हा वापरतं. त्यात मला नेमाने रक्त चढतं, आणि प्रत्येक पिशवीबरोबर 200 ते 250 मिलिग्रॅम लोह आत येतं. जेवणातून शरीर दिवसाला जेमतेम 1-2 मिलिग्रॅम शोषतं आणि साधारण तेवढंच झडणाऱ्या पेशींबरोबर बाहेर जातं. जास्तीचं लोह काढून टाकायची सोयच शरीरात नाही. एका पिशवीचं लोह जेवणातून यायला कित्येक महिने लागतील. म्हणून माझ्या ताटाची काळजी करू नकोस, फक्त लोहाची गोळी किंवा टॉनिक नको. डॉक्टरांना विचारल्याशिवाय व्हिटॅमिन सीसुद्धा नको, कारण त्याने लोह जास्त शोषलं जातं.

बाबा, तुम्ही म्हणालात, मग रक्तच बंद करू. ते नाही जमायचं. मेंदूच्या रक्तवाहिन्यांत रक्ताचा वेग वाढलेल्या मुलांना नियमित रक्त दिलं तर पक्षाघाताचा धोका सुमारे नव्वद टक्क्यांनी घटतो, हे 1998 साली सिद्ध झालं. पुढे काही मुलांचं रक्त थांबवून पाहिलं, तर धोका परत आला आणि तो अभ्यास मध्येच बंद करावा लागला. मला रक्त हवंच आहे. त्याच्याबरोबर येणारं लोह काढायचं, एवढाच प्रश्न आहे.

आता तो आकडा. ताप, जंतुसंसर्ग किंवा क्रायसिस (सिकलसेलमधला तीव्र वेदनांचा झटका) असला की फेरिटिन आपोआप चढतं, आणि तुम्ही पाहिलेली तपासणी मी दुखण्यातून उठत असतानाची आहे. एका आकड्यावरून काही ठरवू नका. बरं असताना केलेल्या तीन-चार तपासण्या शेजारी ठेवल्या की खरी चाल कळते. त्याहून पक्कं उत्तर यकृताच्या एमआरआयमधून मिळतं: तिथे एका ग्रॅममागे किती मिलिग्रॅम लोह साठलंय ते मोजता येतं. लोह आधी यकृतात साठतं. थॅलेसेमियात, म्हणजे रक्ताच्या दुसऱ्या एका आनुवंशिक आजारात, हृदयावर जसा लवकर परिणाम होतो तसा सिकलसेलमध्ये सहसा होत नाही, पण तपासत राहावं लागतं. आणि यकृत बरेच दिवस काहीच बोलत नाही. दुखत नाही म्हणून औषध चुकवणारे कितीतरी जण आहेत, हेच मला सगळ्यात जास्त खुपतं.

जास्तीचं लोह बाहेर काढणारं माझं औषध म्हणजे डेफेरासिरॉक्स. सकाळी उपाशीपोटी गोळ्या पाण्यात विरघळवते. पांढरट, खडूसारखं पाणी होतं. पिऊन झालं तरी पेल्याच्या तळाशी साका उरतोच, त्यात पुन्हा थोडं पाणी घालून हलवते आणि तेही पिते, कारण डोस त्यातही असतो. मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन, शिवाय यकृताच्या तपासण्या ठरल्या वेळी होतात. वर्षातून एकदा डोळे आणि कानही. उलट्या-जुलाब लागले तर मूत्रपिंडावर ताण येतो, तेव्हा आधी डॉक्टरांना फोन.

यंत्राने माझं रक्त काढत जाऊन त्याच वेळी दुसऱ्याचं चढवायची पद्धतही आहे. त्यात लोह बरंच कमी साठतं, पण पिशव्या जास्त लागतात. डॉक्टरांशी बोलणं चालू आहे.

बाबा, फाईलमध्ये फेरिटिनच्या प्रत्येक आकड्यासमोर त्या वेळी ताप किंवा दुखणं होतं का, तेवढं लिहून ठेवाल? आई, मला पाठवायला काढून ठेवलेल्या टॉनिकच्या बाटलीवर काय काय लिहिलंय ते फोनवर वाचून दाखव. यकृताचा एमआरआय झाला की लगेच कळवते.

तुमची लेक